शनिवारी पाण्यातून डोंगर, रविवारी डोंगरावरून पाणी: निसर्गाचे फोटो शिकण्यासाठी नाशिकची दोन दिवसांची सहल

गंगापूर धरणाच्या काठावर उभं राहून नैऋत्येला पाहिलं, की पाण्याच्या पलीकडे डोंगरांची रांग दिसते. डावीकडे अंजनेरी, त्याच्या उजवीकडे जरा मागे ब्रह्मगिरी. ‘निसर्गाचे फोटो काढायला शिकायचंय, कुठून सुरुवात करू?’ असं कुणी विचारलं, की मी याच दोन जागा सांगते. शनिवारी दुपारी धरणात बोट आणि रविवारी पहाटे अंजनेरीची चढण. पहिल्या दिवशी पाण्यातून डोंगराचा फोटो काढायचा, दुसऱ्या दिवशी त्याच डोंगरावरून पाण्याचा.

बोटीत उजेड अर्धा तास जवळपास तसाच राहतो, पण तुम्ही सतत हलत असता. समोरची चौकट दर मिनिटाला बदलते, त्यामुळे पटकन ठरवायची सवय लागते. डोंगरावर नेमकं उलटं होतं: तुम्ही एका दगडाशी बसून असता आणि उजेड सरकत असतो, म्हणून थांबायची सवय लागते. निसर्गाच्या फोटोत या दोन्ही सवयी लागतात आणि एकाच शनिवार-रविवारात दोन्हींची ओळख होते. कॅमेरा कुठलाही चालेल. मोबाइल असेल तरी वाचा, त्याच्यासाठीही जागोजागी सांगितलं आहे.

पहिलं काम: महिना निवडा

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा ते नोव्हेंबरअखेर हा काळ मला सगळ्यात आवडतो. पावसाने हवा धुतलेली असते, धरण भरलेलं असतं, गवत हिरव्याचं पिवळं होत असतं. लांबच्या डोंगराची कडा सुरीने कापल्यासारखी दिसते.

डिसेंबर-जानेवारीत थंडी असते आणि पहाटे पाण्यावर धुकं तरंगतं. गवत सोनेरी झालेलं असतं. दुपारनंतर मात्र लांबचं थोडं धुरकट दिसायला लागतं. मार्चपासून मेपर्यंत हवेत धूळ असते, धरणावरून अंजनेरी जेमतेम ओळखू येतो. पाणी खाली गेल्यामुळे काठाची भेगाळलेली माती उघडी पडते, तिचे फोटो चांगले होतात. पण शिकायला म्हणून पहिल्यांदा निघणाऱ्याने उन्हाळा टाळावा.

पावसाळ्याचा मोह सगळ्यांनाच होतो. जुलै-ऑगस्टमध्ये अंजनेरीच्या पायऱ्यांवरून पाणी वाहतं, ढग अंगावरून जातात, सगळं सुंदर असतं. मात्र त्या दिवसांत बोटिंगचा भरवसा नसतो, दगड निसरडे असतात आणि नव्या माणसाचं निम्मं लक्ष कॅमेरा कोरडा ठेवण्यात जातं. पावसाळा दुसऱ्या वर्षी करा.

दुसरं काम: सूर्य कुठे असेल ते कागदावर मांडा

हे काम घरी, शुक्रवारी रात्री, दहा मिनिटांत होतं. बहुतेक नवखे ते करत नाहीत आणि मग तिथे जाऊन ‘फोटो काळाच येतोय’ म्हणतात.

एक कागद घ्या. मध्यभागी धरणाचा ठिपका. त्याच्या नैऋत्येला अंजनेरीचा ठिपका. दोघांत सरळ रेषेत पंधरा किलोमीटरहून जास्त अंतर आहे. आता हिवाळ्यातला सूर्य आखा. डिसेंबरमध्ये तो आग्नेयेच्या बाजूने उगवतो आणि नैऋत्येकडे झुकून मावळतो. नाशकात तेव्हा सूर्योदय सातच्या आसपास आणि सूर्यास्त सहाच्या आसपास असतो.

एवढ्यावरून काय कळलं? शनिवारी संध्याकाळी तुम्ही बोटीतून अंजनेरीकडे बघाल तेव्हा सूर्यही त्याच दिशेला, थोडा उजवीकडे, ब्रह्मगिरीच्या बाजूला असेल. म्हणजे डोंगराची तुमच्याकडची बाजू सावलीत. कातळाचा पोत, झाडी, काही दिसणार नाही. दिसेल ती डोंगराची काळी आकृती आणि तिच्यामागे आकाशाचा रंग. मग त्याच फोटोची तयारी करून जायचं.

रविवारी सकाळी अंजनेरीवरून धरणाकडे, म्हणजे ईशान्येला बघाल तेव्हा सूर्य तुमच्या उजव्या हाताला असेल. बाजूने येणारा हा तिरका उजेड प्रत्येक टेकाडाची एक बाजू उजळतो आणि दुसरीकडे सावली पाडतो. जमिनीला उठाव येतो. आणि त्याच वेळी मागे वळून पश्चिमेला पाहिलंत, तर कोवळं ऊन थेट ब्रह्मगिरीच्या कड्यावर पडलेलं असेल. हे तिन्ही फोटो मी इथे बसून सांगू शकते, कारण सूर्य दिलेल्या वेळेलाच येतो.

तिसरं काम: पिशवी भरा

कमी न्या. कॅमेरा असेल तर त्यासोबत मिळालेली १८-५५ मिलिमीटरची लेन्स (आकडा लहान तितकं दृश्य रुंद, मोठा तितकं लांबचं जवळ) आणि जमलंच तर ५५-२०० किंवा तत्सम लांब पल्ल्याची एक. नवीन काही विकत घेऊ नका. दोन बॅटऱ्या न्या आणि पहाटेच्या थंडीत जादा बॅटरी शर्टच्या आतल्या खिशात ठेवा, गारठ्यात बॅटरी लवकर उतरते. साधा पण न डगमगणारा ट्रायपॉड रविवारसाठी. बोटीत तो घेऊच नका, इंजिनाची थरथर त्याच्या पायांतून सरळ कॅमेऱ्यात चढते.

लेन्स पुसायला मऊ कापड हवंच. मी मायक्रोफायबरच्या फडक्यासोबत आजीच्या जुन्या सुती लुगड्याचा हातभर तुकडा ठेवते. पाण्याचे तुषार टिपायला आधी तो तुकडा, मग काच पुसायला फडकं. याशिवाय कॅमेऱ्याचा पट्टा, एक झिपची प्लॅस्टिक पिशवी, डोक्याला बांधायची बॅटरी, माणशी निदान दोन-तीन लिटर पाणी, आणि खाणं बंद डब्यात. डबा का, ते अंजनेरीवर कळेल.

मोबाइलवाल्यांनी निघण्यापूर्वी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन उभ्या-आडव्या रेषांची जाळी चालू करावी. कॅमेऱ्यातही ती सोय असते. पाण्याच्या फोटोत क्षितिज एका अंशाने कललं तरी डोळ्याला खुपतं, सगळं धरण एका बाजूने सांडतंय असं वाटतं.

चौथं काम: तीन आकडे समजून घ्या

अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं भोक किती उघडं आहे. आकडा मोठा तितकं भोक लहान, आणि तितकं जवळचं-लांबचं सगळं एकदम स्पष्ट. निसर्गाच्या फोटोला बहुतेक वेळा एफ/८ ते एफ/११ पुरतं. एफ/२२ वर नेलं तर आणखी स्पष्ट येईल असं वाटतं, पण इतक्या बारीक भोकातून जाताना प्रकाश फाकतो आणि सगळाच फोटो किंचित मऊ पडतो.

शटर स्पीड म्हणजे ते भोक किती वेळ उजेड आत घेतं. तुम्ही किंवा समोरची वस्तू हलत असेल तर वेळ कमी हवा. आयएसओ म्हणजे मिळालेला उजेड किती वाढवून घ्यायचा. वाढवाल तसा फोटोत दाणा येतो.

बोटीत शटर स्पीडला पहिला मान, डोंगरावर अ‍ॅपर्चरला. कॅमेऱ्याच्या चकतीवर शटर प्राधान्याचा आणि अ‍ॅपर्चर प्राधान्याचा असे दोन मोड असतात, तेवढे शोधून ठेवा. फोटो ‘रॉ’ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने काटछाट न करता, साठवायची सोय असेल तर ती चालू करा, नंतर सावल्यांमधून बरंच काही परत काढता येतं.

शनिवार: बोटीत

धरण शहरापासून साधारण पंधरा किलोमीटरवर, गंगापूर रोडने सोमेश्वर ओलांडून पुढे. बोटिंग सुरू आहे का आणि शेवटची फेरी किती वाजता, हे निघण्याआधी विचारून घ्या. सूर्यास्ताच्या आधी सव्वा-दीड तास मिळणारी फेरी धरायची. सूर्य पाण्यावरून खाली उतरत असतो आणि तरीही उतरून काठावर यायला वेळ राहतो. धरणाच्या भिंतीपाशी आणि सांडव्यापाशी फोटोला मनाई असू शकते, फलक वाचा आणि पाळा. लाइफ जॅकेट घट्ट बांधा. कॅमेऱ्याचा पट्टा जॅकेटच्या वरून गळ्यात घाला, आतून घातला तर ऐन वेळी कॅमेरा उचलता येत नाही.

पहिल्यांदा मी या धरणात फोटो काढले तेव्हा दीडशेच्या वर काढले आणि घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहिले तर त्यातले चारसुद्धा स्पष्ट नव्हते. कॅमेरा ऑटोवर होता. संध्याकाळचा कमी उजेड बघून त्याने १/६० सेकंद निवडला होता आणि बोट थरथरत होती. दुसऱ्या खेपेला मी बोटवाल्या काकांना सांगितलं की मला फोटो काढायचेत. ते म्हणाले, ‘ताई, मागे इंजिनाजवळ बसू नका, पुढच्या बाजूला या. आणि मधे मी इंजिन बंद करतो, तेव्हा काढा. पण बोट वाहत राहील, हां.’ त्या तीन वाक्यांत त्यांनी मला जे शिकवलं ते मला कोणत्याच पुस्तकात सापडलं नव्हतं. इंजिन बंद झाल्यावर थरथर थांबते, मागे राहतं ते संथ वाहणं. ते १/५०० सेकंदाला सहज पकडता येतं. तेव्हा बोटवाल्याशी आधी बोला. वारा कुठून येतो, पाणी कुठे निवांत असतं, पक्षी कुठल्या कोपऱ्यात बसतात, हे त्यांना रोजचं ठाऊक असतं.

आता प्रत्यक्ष कृती. शटर प्राधान्य, १/५०० सेकंद, आयएसओ ऑटो, लेन्समधलं थरथर कमी करणारं बटण चालू. बोट वेगात असेल तर १/१०००. बसूनच फोटो काढा. कोपर कठड्यावर टेकवू नका, कठडाही थरथरतो. दोन्ही कोपरं बरगड्यांना लावा, श्वास सोडता सोडता बटण दाबा आणि एकाऐवजी तीन-चार फोटो सलग घ्या. त्यातला एखादा बोटीच्या दोन हेलकाव्यांच्या मधल्या स्थिर क्षणी पडतो.

लेन्सची निवड इथे बऱ्याच जणांची चुकते. समोर एवढा विस्तार दिसतो म्हणून हात आपोआप १८ मिलिमीटरवर जातो. मग फोटोत अर्धं आकाश, अर्धं पाणी आणि मधे दोऱ्याएवढी डोंगररांग. डोळ्यांना भव्य दिसलेला अंजनेरी फोटोत नखाएवढा होतो. ५५ वर जा, लांबची लेन्स असेल तर १५० च्या पुढे. डोंगरामागचे डोंगर एकमेकांच्या जवळ येतात, पुढची रांग गडद, मागची फिकट, त्यामागची आकाशात विरत चाललेली. मोबाइलमध्ये ०.५ ची लेन्स विसरा. १ वर काढा, आणि दुसरी लांबची लेन्स असेल तर २ किंवा ३ वर.

पुढचा प्रश्न उजेडाचा. सूर्य समोर आहे, कॅमेरा गोंधळतो. त्याला डोंगरही उजळ दाखवायचा असतो, त्या नादात आकाश पांढरं फटक होतं. तुम्ही आधीच ठरवलंय की डोंगर काळाच हवा. म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा एकूण उजळपणा, मुद्दाम कमी करा: अधिक-उण्याच्या बटणाने उणे १ पासून सुरू करा, लागेल तसं उणे २. मोबाइलवर आकाशाच्या उजळ भागावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड तिथे अडकतो. मग बाजूला दिसणारी सूर्याची खूण खाली ओढा. आकाशात केशरी रंग भरलेला दिसला की थांबा. पाण्यातलं प्रतिबिंब आकाशापेक्षा नेहमी गडद येतं, ती चूक समजून दुरुस्त करत बसू नका.

पोलरायझर फिल्टर (चमक कमी करणारी, लेन्सपुढे लावून फिरवायची काच) असेल तर शनिवारी तो पिशवीतच राहू दे. सूर्य समोर असताना त्याचा आकाशावर काही परिणाम होत नाही. वर तो पाण्यातलं प्रतिबिंब पुसून टाकतो आणि आपण तर त्याच्यासाठीच आलो आहोत.

नुसतं पाणी आणि डोंगर एवढ्यावर फोटो कधीकधी रिकामा वाटतो. मग जवळचं काही शोधा. परतताना मागे वळून बोटीच्या लाटेची व्ही आकाराची रेघ घ्या. पाण्यात अर्धवट बुडालेलं बाभळीचं झाड, त्यावर पंख पसरून वाळत बसलेला पाणकावळा. एकदा एक मच्छीमार दादा छोट्या तराफ्यावर गुडघे टेकून जाळं ओढत होते. सूर्य त्यांच्या मागे होता, जाळ्याच्या प्रत्येक गाठीला एक थेंब लटकलेला आणि प्रत्येक थेंबात एक ठिणगी. मी आधी हात केला, त्यांनी मान हलवली, मग कॅमेरा उचलला. माणूस ओळखू येण्याइतका जवळ असेल तर विचारल्याशिवाय फोटो काढू नये. विचारण्यात क्षण गेला तर जाऊ द्यावा.

तुषार लेन्सवर उडाले तर लगेच रगडू नका. आधी सुती कापडाने टिपा. आणि बोटीत लेन्स बदलू नका. एक निवडा आणि फेरी संपेपर्यंत तीच ठेवा.

फेरी संपली की लगेच गाडीकडे पळू नका. सूर्य बुडाल्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटं काठावर बसा. केशरी उतरतं, मग जांभळं, मग निळं. पाण्यावर वारा पडलेला असेल तर डोंगराची दुसरी आकृती पाण्यात उलटी दिसते. आता शटर सावकाश चालतं म्हणून कॅमेरा दगडावर टेकवा, दोन सेकंदांचा टायमर लावा आणि हात काढून घ्या.

रात्री घरी येऊन फोटो बघा, पण एकही पुसू नका. फक्त कोणते हलले ते पाहून घ्या. बॅटऱ्या चार्जिंगला लावा, फोटो संगणकावर उतरवून कार्ड रिकामं करा, झोपा.

रविवार: अंजनेरीवर

अंजनेरी त्र्यंबक रस्त्यावर, नाशिकपासून साधारण वीस किलोमीटर. त्र्यंबकची एसटी अंजनेरी फाट्यावर थांबते, पण सूर्योदय गाठायचा तर स्वतःची गाडी हवी. डोंगराची उंची ४,२६४ फूट. मारुतीचा जन्म इथला मानतात, त्यामुळे भाविकांची वाट चांगली रुळलेली आहे: खालून पायऱ्या, वाटेत कातळात कोरलेली जैन लेणी, मग पठार, पठारावर अंजनी मातेचं मंदिर आणि पुढे तळं.

पायथ्याशी वनखात्याचा नाका आहे. पहाटे सोडतात का, किती वाजता, हे आदल्या दिवशीच विचारून घ्या. सोडत असतील तर शहरातून चारला निघा म्हणजे थांबत थांबत चढूनही साडेसहाच्या आत पठारावर पोहोचाल. अंधारात एकट्याने चढू नका, वाट माहीत असलेलं कुणीतरी सोबत हवं. सोडत नसतील तर उजाडल्यावर चढा. हिवाळ्यात नऊपर्यंत ऊन तिरकंच असतं, फार काही हुकत नाही.

वर पोहोचलात की आधी जागा निवडा. पूर्वेच्या आणि ईशान्येच्या कडेला, पण कड्यापासून चांगलं आत. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यात बघत मागे-पुढे सरकणं ही डोंगरावरची सगळ्यात धोक्याची सवय आहे. नियम साधा ठेवा: पाय हलवायचे तर डोळा कॅमेऱ्यातून काढायचा.

ट्रायपॉड उभा करताना एक पाय उताराच्या दिशेला. मधली दांडी वर काढू नका, वाऱ्याने हलते. अ‍ॅपर्चर प्राधान्य, एफ/११, आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर. ट्रायपॉडवर थरथर कमी करणारं बटण बंद करा. काल ते चालू हवं होतं, आज बंद.

आता जवळचं काहीतरी निवडा. पठारावर गवताचे झुपके असतात, शेवाळाचे डाग पडलेले दगड असतात. एक दगड चौकटीच्या खालच्या भागात घ्या, त्याच्यामागे दरी, त्यामागे सपाटी आणि ईशान्येला धरणाचं पाणी. फोकस कुठे करायचा? १८ मिलिमीटर आणि एफ/११ असेल, कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे आतली उजेड टिपणारी पट्टी, नेहमीच्या एपीएस-सी आकाराचा असेल, तर साधारण दीड ते दोन मीटरवर फोकस केल्यास सुमारे एक मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. दीड मीटर कसं मोजायचं? माझ्या दोन ढांगा हे माप मी घरी मोजून ठेवलंय. मोबाइलचा सेन्सर लहान असल्यामुळे त्याला ही अडचण क्वचित येते.

सूर्योदयाच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी आकाश निळसर असतं. तेव्हाच पहिला फोटो घ्या. शटर काही सेकंद उघडं राहील, राहू द्या. खाली गावांचे दिवे मिणमिणत असतात, धुक्याची पट्टी मधेच असते. मग सूर्य येतो आणि सगळ्यांचे कॅमेरे एकदम पूर्वेला वळतात. तुम्हीही एक फोटो घ्या. मग ट्रायपॉड उचलून पाठ फिरवा.

पश्चिमेला ब्रह्मगिरी आहे. पहिली किरणं त्याच्या कड्यावर पडतात आणि काळा कातळ काही मिनिटं तांब्यासारखा होतो. हा सगळा बेसाल्ट आहे, लाव्ह्याचे थरावर थर साचून झालेला, आणि तिरक्या उन्हात ते आडवे थर पायऱ्यांसारखे मोजता येतात. तुम्ही नाशिकचे असाल तर हा डोंगर शंभरदा पाहिला असेल, पण या पाच मिनिटांत तो वेगळा दिसतो.

इथेच कॅमेऱ्याची एक खोड लक्षात घ्या. त्याच्या आतला मीटर समोर जे आहे ते मध्यम करडं आहे असं धरून चालतो. चौकटीत काळा कातळ भरला की त्याला वाटतं उजेड कमी आहे, आणि तो कातळ राखाडी करून टाकतो. सह्याद्रीत ही चूक सतत होते. कातळाच्या फोटोला एक्स्पोजर उणे अर्ध्यापासून उणे एकपर्यंत न्या. ढग किंवा धुकं चौकटभर असेल तर उलट, अधिक एक, नाहीतर पांढरं धुकं मळकं येतं. पडद्यावर हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे गडद आणि उजवीकडे उजळ दाखवणारा उजेडाचा आलेख, दिसत असेल तर तो उजव्या भिंतीला आदळलेला नाही ना, तेवढं बघा.

याच ब्रह्मगिरीच्या पायथ्याच्या त्र्यंबकात १८७० साली दादासाहेब फाळके जन्मले. चित्रपटाकडे वळण्याआधी ते गोध्र्याला फोटोग्राफीचा व्यवसाय करत. पठारावर उभं राहून त्र्यंबकच्या दिशेला बघताना मला दरवेळी वाटतं, त्यांच्याही डोळ्यांत लहानपणी हेच ऊन गेलं असणार.

आता पोलरायझर बाहेर काढा. सूर्यापासून काटकोनात बघताना तो सगळ्यात जास्त काम करतो, आणि ईशान्येला धरणाकडे बघताना सूर्य जवळजवळ तसाच उजवीकडे असतो. फिल्टर हळूहळू फिरवा. धुरकटपणा कमी होतो, पाण्याचा रंग उठतो. अगदी रुंद लेन्सवर मात्र आकाशाचा एक तुकडा जास्त गडद आणि बाजूचा फिका असा डाग पडतो, तेव्हा ३५ च्या पुढे जा.

आणि आता कालचा हिशोब. ५५ किंवा २०० ची लेन्स लावा आणि काल जिथे बोटीत होतात ते पाणी शोधा. हवा स्वच्छ असेल तर चकाकती पट्टी दिसते. काल तिथून जो डोंगर काळी आकृती होता, त्याच्यावर आज तुम्ही उभे आहात. हा फोटो नक्की घ्या, साधा आला तरी घ्या.

उतरताना काही गोष्टी पाळा. हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे. अंजनेरीच्याच नावाने ओळखली जाणारी सेरोपेजिया अंजनेरिका ही दुर्मीळ कंदीलपुष्पाची जात इथल्या पठारावर पावसाळ्यात फुलते. फुलाचा जवळून फोटो घ्यायला आडवं पडलेला माणूस बाजूची दहा रोपं चिरडतो. म्हणून वाटेवरूनच काढा, लांबच्या लेन्सने काढा. कड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची घरटी आहेत, तेव्हा कड्याशी आरडाओरडा नको आणि ड्रोन तर मुळीच नको. मंदिरात फोटो घ्यायचा तर पुजाऱ्यांना विचारा. आणि माकडं. त्यांना प्लॅस्टिकच्या पिशवीचा आवाज ओळखू येतो. डबा पिशवीच्या तळाशी, पिशवी बंद, कॅमेरा गळ्यात. त्यांना खायला घालून फोटो काढू नका. पुढच्या माणसाच्या हातावर ती झडप घालतात ती याच सवयीमुळे.

लेण्यांपाशी थांबायचं ठेवलंत तर दहाच्या आत थांबा. नंतर ऊन डोक्यावर येतं, दगडावर सावल्या उरत नाहीत आणि कोरीवकाम सपाट दिसतं. मग खाली उतरून मिसळ खावी.

घरी आल्यावर

दोन दिवसांचे तीनशे फोटो झाले असतील. पहिल्या फेरीत हललेले आणि फोकस चुकलेले काढा. दुसऱ्या फेरीत एकाच चौकटीच्या दहा फोटोंतला एकच ठेवा. शेवटी दहा उरायला हवेत. हे जड जातं, पण कुणाला तीनशे फोटो दाखवले तर दहावा येईपर्यंत त्याचं लक्ष उडतं.

त्या दहांवर स्नॅपसीड किंवा लाइटरूमसारख्या अ‍ॅपमध्ये काम करा, क्रम हाच ठेवा: आधी क्षितिज सरळ करा, मग कडेची अडगळ कापा, मग उजेड आणि सावल्या, आणि सर्वांत शेवटी रंग. रंगाची पट्टी जिथे छान वाटेल तिथून थोडी मागे आणा. आपल्याकडचं हिवाळी गवत फिकं सोनेरी असतं, त्याला केशरी करू नका. काळ्या आकृतीच्या फोटोत डोंगराच्या सावल्या उघडू नका, तिथे दाण्याशिवाय काही सापडत नाही.

मग कालचा पाण्यातून काढलेला अंजनेरी आणि आजचं अंजनेरीवरून दिसलेलं पाणी, दोन फोटो शेजारी ठेवा. प्रत्येकाखाली लिहा: तारीख, वेळ, लेन्स, अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ, सूर्य कुठल्या हाताला होता. शेवटची नोंद कॅमेरा करत नाही, ती तुम्हीच करायची आहे. पुढच्या खेपेला कागदावर सूर्य आखताना ती कामाला येते.

एवढं जमलं की पुढची सहल भंडारदऱ्याची. नाशिकहून सत्तर किलोमीटरच्या आसपास. प्रवरेवरच्या विल्सन धरणाचा जलाशय, त्याच्या वरच्या टोकाला रतनवाडी, तिथलं अमृतेश्वराचं प्राचीन मंदिर आणि डोक्यावर रतनगड, ज्याच्या माथ्याला नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, आहे. भंडारदऱ्याच्या शेंडी गावाहून रतनवाडीला पाण्यावरून बोट मिळाली तर फोटोही मिळतात आणि चढणीचा पायथाही. बोट त्या दिवशी आहे की नाही हे शेंडीत पोहोचल्यावर लगेच विचारा, नसेल तर जलाशयाच्या कडेने रस्ता आहे. नेढ्यातून बघताना बाहेर लख्ख आणि आत अंधार असतो, तेव्हा उणे दोन, शून्य आणि अधिक दोन असे तीन फोटो ट्रायपॉड न हलवता घ्या. ते घरी एकत्र करता येतात.